सहाही रकान्यांत चार

सोम. ४ ऑगस्ट
रक्ताच्या फ्रिजचे आकडे : सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, सहा, रात्री दहा, दोन. सहाही रकान्यांत ४ अंश. पिशव्या तीन. वीज दोनदा गेली, जनरेटर लागला.
पोर्टल दुपारी उघडलं. साठ्याचा आकडा भरला. मग तोच जिल्ह्याच्या तक्त्यात, मग ग्रुपवर, मग वहीत. दुसऱ्या टेक्निशियनची जागा मी आल्यापासून रिकामी, म्हणून ‘भरणारा’ मी आणि ‘तपासणारा’ही मीच. दोन्हीकडे एकच सही, तरी कोणी काही म्हणत नाही.
रात्री दोनचा आकडा मी पाहत नाही. सध्या नाइटला असलेली पाडवी सिस्टर चिठ्ठीवर लिहून ठेवते. मी त्यापुढे कंसात ‘पाडवी सि. यांनी पाहिला’ असं लिहिते. रुग्णालयाच्या डॉ. निकमांनी आज ते वाचलं. “मॅडम, रजिस्टर भरता की पोथी लिहिता?” सगळे हसले. मीही.
कुलूप पाहायला क्वार्टरवरून दोनदा परत गेले. लागलेलं होतं.

बुध. ६ ऑगस्ट
पत्र आलं. आमच्या रक्त साठवण केंद्राच्या परवान्याचं नूतनीकरण. औषध निरीक्षक दोन सप्टेंबरला येणार. सोबत सात पानांची यादी.
माझ्या बाजूने राहिलेलं : फ्रिजच्या आतला काचेचा थर्मामीटर. तो मी यायच्या आधीच फुटला होता. मागणीपत्रं तीन, तिन्हींच्या पोचा फाइलला आहेत. फ्रिजवरच्या आकड्याची वार्षिक तपासणी कंपनीच्या माणसाने करायची. तो घाट चढून यायला तयार नाही.
माझ्या आधी इथे चौधरी होते. त्यांची रजिस्टरं काढून पाहिली. अक्षर मोत्यासारखं. ४, ४, ४, ४. दोन वर्षं. ते अचानक गेले. पाडवी सि. सांगते, एक दिवस सही करायला बसले, पेन उघडलं आणि उठून गेले. जेवणाचा डबा अजून वरच्या फळीवर आहे. मी तो पुसते, हलवत नाही.

शनि. ९ ऑगस्ट
नंदुरबारला घरी फोन. भुवाचा, म्हणजे आत्याचा, पहिला प्रश्न नेहमीचा : “हाथ धोया?” मी रक्ताचं काम करते हे तिला अजून पचलेलं नाही. आम्हा जैनांचा चातुर्मास असल्यामुळे जास्तच. सूर्यास्ताआधी जेवतेस ना, पालेभाजी बंद आहे ना. आहे म्हटलं. सहाचा आकडा घेऊन धावत येते आणि उभ्यानेच जेवते, हे नाही सांगितलं. न सांगणं हेही खोटंच, म्हणून इथे लिहिते.
नऊ वर्षांची होईपर्यंत मी शाळा पाहिली नव्हती. कमरेच्या हाडाचं दुखणं, प्लास्टर. दुकानामागच्या खोलीत पडून असायचे. अक्षरं, पाढे, सगळं भुवानेच शिकवलं. रोज संध्याकाळी पाटीवर दिवसभरात काय चुकलं ते लिहायचं, वाचायचं, पुसायचं. नियम एकच : पाहिलं तेच लिहायचं. ऐकलं असेल तर ‘ऐकलं’ म्हणून लिहायचं.
डॉ. निकमांना हे सांगितलं तर पोथीची चेष्टा वर्षभर पुरेल.

सोम. ११ ऑगस्ट
रमीला वसावे तपासणीला आली. मोलगीच्याही पलीकडच्या पाड्यावरची. सासूबरोबर दोन तास चालत, मग जीप. पहिलं बाळंतपण, आठवा सरत आलाय, सिकलसेलचा आजार. रक्त सहा पूर्णांक दोन. गट बी पॉझिटिव्ह. डॉ. म्हणाले, बाळंतपणात दोन पिशव्या हाताशी पाहिजेतच. शुक्रवारीच जिल्ह्याहून दोन बी आल्या आहेत, त्यांवर तिचं नाव लावलं.
आश्रमशाळेत दहावी झाली आहे, मराठी माझ्यापेक्षा धीट.
“माझ्या नावाच्या दोन? दाखव.”
काचेतून दाखवल्या.
“एवढ्या थंडीत का ठेवल्या? अंगात गेल्यावर मलाच हुडहुडी भरेल.”
“आधी बाहेर काढून ठेवतो.”
“हां. आणि कोणाचं आहे? शेठ लोकांचं असलं तर उद्या मी पण दुकान टाकेन.”
पाडवी सि. खो खो हसली. सासूने जाताना आमचुराची पुडी माझ्या टेबलावर ठेवली. घेता येत नाही म्हटलं, तर पावरी बोलीत काहीतरी बोलली. सि.ने सांगितलं : “म्हणते, ही काय लाच आहे का, आंबट आहे.”
हुडहुडीवरून जूनमधला तो म्हातारा आठवला, तोरणमाळकडचा. अर्धी पिशवी गेली आणि खाट हलेल इतका थरथरला. ताप. मी फॉर्म भरला होता. कारणाच्या जागी ‘अज्ञात’. दुसऱ्या दिवशी घरच्यांनी सही करून नेलं. पुढे माहीत नाही.

गुरु. १४ ऑगस्ट
वीज साडेनऊ तास नाही. जनरेटरचं डिझेल दुपारीच संपलं. फ्रिजच्या आकड्याला स्वतःची बॅटरी आहे, तो चालू होता. ४. दर तासाला पाहिला. डॉ. म्हणाले, यंत्र भारी आहे.
संध्याकाळी एका बाईला पिशवी द्यावी लागली, रक्तस्राव होता. पाडवी सि.ने पिशवी हातात घेतली आणि थांबली.
“आज कमी गार लागते गं.”
“चार आहे, सिस्टर.”
“असेल. माझाच हात थंड असेल.”
बाई बरी आहे.
सि.चं म्हणणं लिहावं असं वाटलं. पण हाताला काय लागलं याचा रकाना नाही.

रवि. १७ ऑगस्ट
जिल्ह्याचं सक्तीचं ऑनलाइन प्रशिक्षण : कर्मचाऱ्यांसाठी ताण व्यवस्थापन. रविवारी, कारण इतर दिवशी वेळ नसतो. नेटसाठी टेकडीवर मोबाइल धरून बसले. प्रश्न सातवा : तुम्हाला कामानंतर थकवा जाणवतो का? पर्याय निवडल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. ‘कधीकधी’ निवडलं. खोटं. प्रमाणपत्र आलं, फाइलला लावलं.
हातांची कातडी निघते आहे. गजर न लावता बरोबर दोनला जाग येते. फ्रिजचा अलार्म कानात वाजत असतो. गंमत म्हणजे तो खरा कधी वाजलेलाच नाही. इथे आल्यापासून एकदाही नाही.

बुध. २० ऑगस्ट
नीट लिहायचं.
निरीक्षक येणार म्हणून फ्रिज आतून पुसायला घेतला. पिशव्या बर्फाच्या खोक्यात काढून ठेवल्या. दार सताड उघडं. पंचवीस मिनिटं तरी झाली असतील. उभी राहिले आणि सहज वर पाहिलं.
४.
प्लग काढला. ४. आत हात धरला, आतली हवा खोलीसारखीच. बाहेर ४. दहा मिनिटं तशीच उभी होते. कोणीतरी दारात येऊन “मॅडम, चहा” म्हणालं, मी नको म्हटलं.
अलार्मही त्याच यंत्राला जोडलेला आहे.
दार लावलं, प्लग लावला, पिशव्या जागेवर. दुपारचे दोन वाजले होते. रजिस्टर उघडलं आणि हात आपोआप चालला. ४. पाहिलं तेच लिहिलं.

गुरु. २१ ऑगस्ट
लसीच्या खोलीत थर्मामीटर आहेत. तिथली बाई म्हणाली, लेखी आदेशाशिवाय वस्तू खोलीबाहेर जात नाही, मीच फसेन. बरोबर आहे तिचं. मीही नसता दिला. पाडवी सि.ने माझ्याकडे पाहिलं, आत गेली, लसीच्या मुदतीबद्दल दहा मिनिटं वाद घातला आणि एक खिशात घालून आली. कशाला हवाय, हे विचारलंही नाही.
फ्रिजच्या आत : सकाळी दहा - ९. दुपारी दोन - ११. संध्याकाळी सहा - ५.
बाहेर ४, ४, ४.
नियम दोन ते सहाचा. दहाच्या वर गेलेली पिशवी द्यायची नाही. पण काल किती होतं? जूनमध्ये? कधी पाच, कधी अकरा, कोणालाच माहीत नाही. मी अकरा महिन्यांत चाळीस पिशव्या दिल्या आहेत.
हे आकडे वेगळ्या कागदावर लिहिले. कागद घडी करून चौधरींच्या डब्यात ठेवला. दुसरी जागा सुचली नाही.

शुक्र. २२ ऑगस्ट
डॉ. निकमांना सांगितलं. ते ओपीडीत एकटेच होते, शंभराच्या वर पेशंट पाहून झाले होते. दार लावून घ्यायला सांगितलं.
“किती जणांना माहीत आहे?”
“तुम्ही. पाडवी सिस्टर थोडंफार.”
“दोन तारखेपर्यंत थांबा.”
मी रजिस्टर टेबलावर ठेवलं.
“मॅडम, तुम्ही हे लिहिलं की केंद्राला कुलूप. चौकशी सहा महिने, वर्ष. तेवढ्यात बायका यायच्या थांबणार आहेत का? रक्त वाहत असताना मी त्यांना घाटाने खाली पाठवू? या महिन्यात तीन जगल्या, याच फ्रिजमुळे.”
“आणि जूनमधले आजोबा?”
“ते रक्ताने झालं हे तुम्ही सांगू शकता?”
नाही सांगू शकत.
“सिकलवाल्या मुलीला तरी या पिशव्या नकोत, सर.”
“तिची तारीख आठची आहे. दोनला निरीक्षण, तीनला नव्या मागवू. माझा शब्द.” मग डोळे चोळत म्हणाले, “चार वर्षं झाली मला इथे. बदलीचा अर्ज करायलाही रजा लागते.”
त्यांचा राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. तेच वाईट.

रवि. २४ ऑगस्ट
चौधरींचा नंबर पाडवी सि.कडून घेतला. ते आता शहाद्याकडे भावाबरोबर केळीच्या गाड्या भरून देतात. आवाज मोकळा, अहिराणी ठसका.
“बोल ना ताई. मन्हा डबा तठेच शे का अजून?”
“आहे.”
“धुईसन वापर तू. स्टीलना शे, चांगला शे.”
मग मी फ्रिजचं नाव काढलं. मागे गाडी भरण्याचा आरडाओरडा चालू होता, तो दूर गेला. बाजूला झाले असावेत.
“चारच दखाडस ना?”
“हो.”
“दार उघाडीसन पाह्यं का?”
“पाहिलं.”
मग मीच विचारलं.
“तुम्ही कोणाला सांगितलं का नाही?”
“कोनले सांगू? तपासनारा मीच व्हतू.” मग हळू, “पहिला दिन सांगतू तं एक दिनना आकडा खोटा व्हता. महिना थांबनू, तं महिनाना व्हयना. मंग दोन वरीस. तुले किती दिन व्हयनात?”
“चार.”
“मंग तुन्हा अजून चारच शेतस.”
फोन ठेवताना म्हणाले, माले परत फोन करू नको ताई.

सोम. २५ ऑगस्ट
दुपारी दोनचे आकडे : बाहेर ४. आत ८.
दोन्ही लिहिले नाहीत. रकाना कोरा ठेवला. अकरा महिन्यांतला पहिला कोरा रकाना. संध्याकाळी सहाला तो पुन्हा पाहिला, आणि ४ भरलं.
आता मला खोटं माहीत असूनही लिहिता येतं.

बुध. २७ ऑगस्ट
आज आमच्यात संवत्सरी. उपवास. सकाळपासून मोबाइलवर क्षमा मागणारे निरोप. फुलांची चित्रं, हात जोडलेले. सुरतेचे काका, मामेबहिणी, कॉलेजच्या मैत्रिणी. वर्षभरात काही दुखावलं असेल तर. काय दुखावलं हे कोणी लिहीत नाही.
पिशव्या दिल्याच्या नोंदीची, इश्यूची वही घेऊन चाळीस नावं काढली. मिच्छामि दुक्कडम् म्हणायला त्यांचे नंबरही नाहीत माझ्याकडे. बहुतेकांच्या पुढे गाव, पाडा, आणि अंगठा.
दुपारी भुवाला फोन केला. सगळं सांगितलं. तिला फ्रिज, परवाना, निरीक्षक, काही कळलं नसेल. तिने एवढंच विचारलं, तू पाहिलंस तेच लिहिलंस ना?
“हो भुवा. तेच. सोमवारपर्यंत.”
“आणि जे पाहिलं ते सगळं लिहिलंस?”
दोघींनीही फोन ठेवला नाही. तिच्याकडे देरासरची, मंदिरातली घंटा ऐकू येत होती.
उठून केंद्रात गेले. रजिस्टर. शेरा या रकान्यात लाल पेनने : बाहेरील आकडा ४ वर अडकलेला. २० ऑगस्टला लक्षात आलं. कधीपासून, सांगता येत नाही. डब्यातला कागद चिकटवला. सोमवारचा दुपारी दोनचा आकडा मी जाणूनबुजून खोटा लिहिला आहे, हेही. सही. ‘तपासणारा’ मोकळा सोडला.
रमीलाच्या दोन बी आणि उरलेली एक ओ, तिन्ही पिशव्या नष्ट करायच्या फॉर्मवर लिहून बाद केल्या. निर्जंतुक करायच्या यंत्रात घालताना हाताला त्या चांगल्या गार लागल्या.

गुरु. २८ ऑगस्ट
डॉ. निकमांनी रजिस्टर वाचलं. ओरडले नाहीत. खुर्चीत बसले, पान उलटलं, परत उलटलं.
“त्या पिशव्या कदाचित चांगल्या असतील.”
“कदाचित.”
“आता दोघांनी मिळून जेल बघू.” हसायचा प्रयत्न केला. मग जिल्ह्याला पत्र लिहिलं आणि स्वतः सही केली. ‘तपासणारा’ या मोकळ्या जागेवरही केली. मी सांगितलं नव्हतं.
जिल्ह्याचं उत्तर संध्याकाळी ग्रुपवरच : पुढील आदेशापर्यंत साठा ठेवू नये. गरज पडल्यास पेशंटचा नमुना खाली पाठवावा, जुळवून पिशवी मिळेल. शिवाय मला खुलासा, तीन दिवसांत. ‘आपण इतके महिने काय तपासले?’ वाक्य बरोबर आहे.
रमीलाची तारीख आठ. अकरा दिवस. पाडवी सि.ने पाड्यावरच्या आशा सेविकेमार्फत निरोप पाठवला, सोमवारीच खाली नंदुरबारला भरती हो. निरोप पोचला का, कळलं नाही. पाड्यावर नेटवर्क नाही, पाऊस लागून आहे.

शनि. ३० ऑगस्ट
सकाळी ६.२० : रमीला आली. कळा पहाटेपासून. झोळीत घालून जीपपर्यंत आणली. निरोप मिळालाच नव्हता.
७.१० : नमुना घेऊन आमची पांढरी गाडी खाली गेली. तिलाच पाठवावं असं मी म्हटलं. डॉ.नी तपासून सांगितलं, घाटातच होईल, तिथे माझ्या हातात काहीच नसेल.
१०.०० : नंदुरबारहून फोन. जुळल्या. दोन पिशव्या गाडीत बसल्या.
११.४० : ड्रायव्हरचा फोन. घाटात दरड. एक बाजू मोकळी करतायत. त्यानंतर फोन लागत नाही.
१.३० : रमीलाचा नवरा केंद्राच्या दारात आला, बाही वर केलेली. “माझं घ्या.” इथे रक्त काढायची परवानगी नाही, फक्त साठवायची. हे दोनदा सांगितलं. तो बाही खाली करेना. माझा स्वतःचा गट बी पॉझिटिव्ह आहे. हे त्याला सांगितलं नाही.
३.०५ : मुलगी झाली. रडली. वजन कमी, पण बरी.
३.३० : वार पडली. रक्त थांबत नाहीये. डॉ. आत आहेत. इंजेक्शनं चालू. पाडवी सि.ची ड्यूटी सकाळीच संपली होती, ती गेलेली नाही.
४.४५ : ड्रायव्हरचा फोन बंदच. एक जीपवाला खालून आला. म्हणतो, दरडीपलीकडे गाड्या उभ्या होत्या, त्यात पांढरी एक होती. कोणती ते पाहिलं नाही.
मी बुधवारी त्या दोन पिशव्या बाद केल्या नसत्या तर त्या आत्ता चार पावलांवर होत्या. संध्याकाळी सहाला फ्रिजमध्ये पाच अंश असायचे. पाच चालतात.
५.२५ : सि.ने मला आत बोलावलं, पाय वर धरायला. रमीलाचे ओठ कागदासारखे. मला ओळखलं.
“दोन होत्या ना माझ्या नावाच्या. मी पाहिल्या.”
“हो.”
“मग आण.”
सि. माझ्याकडे पाहत होती. डॉ.नी मान वर केली नाही. गाडी कुठे आहे मला माहीत नव्हतं. आत्ताही नाही.
“घाट चढली आहे गाडी,” मी म्हटलं. “येतेच आहे.”
तिने डोळे मिटले. न पाहिलेलं बोलले. भुवा, हे लिहून ठेवते आहे.
५.५५ : केंद्रात. फ्रिज रिकामा. लसीच्या खोलीतला थर्मामीटर आत ठेवलेला आहे, परत द्यायचा राहिला.
६.०० : आत ५. बाहेर ४.
दोन्ही लिहिले. बाहेर गाडीचा आवाज आला, म्हणून वही घेऊनच दारात आले. आवाज वळणापाशी आहे. चढणारी आहे की उतरणारी, अजून…